वाळूवरचे अरण्य

तमिळनाडूतील कोडियाकराई येथे समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर एक सदाहरित जंगल शतकानुशतके तग धरून आहे. वादळे आणि खारे वारे त्याने पुष्कळ पचवले. वेडी बाभूळ, सुरू आणि किनारा झटपट हिरवा करण्याची आपली घाई मात्र त्याला जड जात आहे.

समुद्रकाठच्या वाळूत कोणती झाडे असतात, असे कुणालाही विचारा. उत्तर ठरलेले असते. सुरू आणि नारळ! अलिबाग असो, दिवेआगर असो की गुहागर, सहलीला गेलेले कुटुंब डबे सोडते ते सुरूच्या सावलीत, आणि घरी परतल्यावर पाहुण्यांना दाखवायच्या फोटोत मुलांच्या मागे उभे असतात तेही सुरूच. त्यांच्या सुयांसारख्या पानांतून वाहणाऱ्या वाऱ्याचा सूं-सूं आवाज ऐकला की समुद्र जवळ आला हे डोळे मिटूनही कळते.

त्यामुळे सुरू हा किनाऱ्याचा मूळचा रहिवासी असणार, असे आपण धरूनच चालतो. पण अंदमान-निकोबार बेटे सोडली तर आपल्या देशात सुरू हा पाहुणा आहे. १८६८ च्या सुमारास कारवारच्या किनाऱ्यावर तो आणून लावण्यात आला. भराभर वाढतो, खाऱ्या वाऱ्याला दाद देत नाही आणि जळणाला उत्तम, एवढ्या भांडवलावर त्याने पुढे पूर्व आणि पश्चिम असे दोन्ही किनारे काबीज केले.

मग त्याच्या आधी या वाळूवर काय होते?

कोकणात या प्रश्नाचे उत्तर तुकड्यातुकड्यांनी गोळा करावे लागते. कुठे देवळामागे उंडीची चार जुनी झाडे, कुठे ओढ्याच्या मुखाशी केवड्याचे बन, कुठे करंज, कुठे भेंड. वाळूवरचे सबंध जंगल असे सहजासहजी नजरेला पडत नाही. ते पाहायचे तर पूर्व किनाऱ्यावर, तमिळनाडूच्या नागपट्टिनम् जिल्ह्यात जावे लागते.

नावातच अरण्य

चेन्नईपासून दक्षिणेला उतरत जाणारा कोरोमंडल किनारा एका ठिकाणी काटकोनात पश्चिमेकडे वळतो. त्या कोपऱ्यावर वसले आहे कोडियाकराई. इंग्रजी नकाशांत याचेच नाव 'पॉइंट कॅलिमियर'. एका बाजूला बंगालचा उपसागर, दुसऱ्या बाजूला पाल्कची सामुद्रधुनी आणि पलीकडे श्रीलंका. गावाच्या उत्तरेला दहा-अकरा किलोमीटरवर वेदारण्यम् हे तीर्थक्षेत्र आहे. मिठाच्या सत्याग्रहाच्या इतिहासात हे नाव वाचल्याचे अनेकांना आठवेल. १९३० च्या एप्रिलमध्ये राजाजींनी तिरुचिरापल्लीहून सत्याग्रहींची तुकडी पायी चालवत आणली, ती इथेच.

पण गावाचे नाव त्याहून कितीतरी जुने आहे. तमिळमध्ये त्याला 'तिरुमरैक्काडु' म्हणतात. 'मरै' म्हणजे वेद आणि 'काडु' म्हणजे रान. वेदांनी स्वतः येथे शंकराची पूजा केली आणि जाताना मंदिराची दारे बंद केली; पुढे संत अप्पर यांनी पद गाऊन ती उघडली आणि संत संबंदर यांनी गाऊन मिटली, अशी आख्यायिका आहे. हे दोघे संतकवी सातव्या शतकातले मानले जातात. दारांची कथा श्रद्धेने ऐकावी. पण तेराशे वर्षांपूर्वीही या जागेची ओळख 'रान' अशीच होती, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते. कल्की यांनी १९५० मध्ये लिहायला घेतलेल्या 'पोन्नियिन सेल्वन' या गाजलेल्या तमिळ कादंबरीतही कोडियाकराईचे रान आणि तिथले जुने दीपगृह येते. चोळांच्या काळचे म्हणून ओळखले जाणारे ते दीपगृह २००४ च्या सुनामीत कोसळले. रान मात्र उभे राहिले.

मराठी माणसाला हा मुलूख अगदीच परका नाही. तंजावरच्या भोसल्यांचे राज्य या किनाऱ्यापर्यंत पोहोचलेले होते. सरफोजीराजे दुसरे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बांधलेला 'मनोरा' याच सामुद्रधुनीच्या काठावर, पश्चिमेला मल्लिपट्टिनमजवळ आजही पाहायला मिळतो. त्याचे तमिळ नावही 'मनोरा' असेच आहे!

खिरणीचे राज्य

कोडियाकराईच्या जंगलात शिरताना 'घनदाट अरण्य' हे शब्द मनात घेऊन गेलेल्याची निराशा होण्याची शक्यता आहे. सह्याद्रीतल्यासारखी आभाळाला भिडणारी झाडे इथे नाहीत. झाडे बेताच्या उंचीची, बुंधे वेडेवाकडे, फांद्या एकमेकींत गुंतलेल्या आणि पायाखाली वाळू. पण पाने पाहा. कडक उन्हाळ्यातही ती हिरवीगार आणि चकचकीत असतात. चामड्यासारखी जाड, मेणाचा हात फिरवल्यासारखी. इथला बहुतेक पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडून जातो आणि मग अनेक महिने कोरडे जातात. अशा हवेत झाडांनी पाने गाळावीत, ही निसर्गाची सर्वसाधारण रीत. इथली झाडे ती पाळत नाहीत. म्हणूनच वनशास्त्रात या जंगलाला 'शुष्क सदाहरित' असे काहीसे परस्परविरोधी वाटणारे नाव आहे. भारतात हे जंगल मुख्यतः कोरोमंडल किनाऱ्याच्या चिंचोळ्या पट्ट्यात आढळते आणि तिथेही आता त्याचे विखुरलेले तुकडेच उरले आहेत. कोडियाकराईचा तुकडा त्यांतला एक मोठा आणि महत्त्वाचा. पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेतील ब्लास्को आणि लेग्री या दोन संशोधकांनी १९७३ मध्ये मुंबईच्या 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी'च्या नियतकालिकात या जंगलाची शास्त्रीय ओळख करून दिली होती.

या रानाचा राजा आहे 'पालै' नावाचा वृक्ष. नाव अनोळखी वाटले तरी झाड आपल्या ओळखीचे आहे. हीच आपली खिरणी, गुजरातेतली रायण! उन्हाळ्यात बाजारात दिसणारी, बोटाच्या पेराएवढी पिवळी, गोड आणि ओठांना चिकटणारी फळे ती हिचीच. खिरणीचा आपल्या घराशी आणखीही एक संबंध आहे, तो फार थोड्यांना ठाऊक असतो. घोलवड-डहाणूच्या चिकूच्या बागांत कलम बांधतात ते खिरणीच्या रोपावर. फळ चिकूचे, मूळ खिरणीचे. मुळे कणखर हवीत म्हणून बागायतदार जिला निवडतात, तिनेच कोडियाकराईची वाळू पकडून ठेवली आहे, यात नवल ते काय?

खिरणीच्या जोडीला जांभूळ, बहावा, कडुनिंब, रिठा, पीलू, माकडलिंबू आहेत; खाली करवंदाच्या जाळ्या आणि निळ्या फुलांची अंजनी आहे. पावसाळ्यात झुडपांवर चढणारी कळलावीची लाल-पिवळी फुले म्हणजे तमिळनाडूचे राज्यपुष्प. साडेतीनशेहून अधिक प्रकारच्या सपुष्प वनस्पतींची येथे नोंद झालेली आहे. त्यांतल्या कितीतरी आयुर्वेदात आणि सिद्ध वैद्यकात औषधी म्हणून वापरल्या जातात.

मर्यादवेल आणि रावणाची मिशी

वाळूवर जंगल उभे राहते तरी कसे? वारा आला की उडून जाणारी ही वाळू. ना पाणी धरते, ना अन्न.

सुरुवात करतात ती अगदी साधी, पायदळी तुडवली जाणारी झाडे. भरतीच्या रेषेच्या जरा वर जांभळ्या फुलांची एक वेल वाळूवर पसरत जाते. तिचे मराठी नाव मोठे सुंदर आहे, मर्यादवेल. समुद्राची मर्यादा सांगणारी वेल! तिच्या बरोबरीने ताठ, टोकदार पात्यांचे एक गवत उगवते. त्याच्या काटेरी कणसांचे गोळे वाऱ्याबरोबर पुळणीवरून गडगडत जातात. तमिळमध्ये या गवताला 'रावणन् मीसै' म्हणतात. म्हणजे रावणाची मिशी. कोडियाकराईच्या रानात 'रामर पादम्' नावाचे एक छोटे देवस्थान आहे. लंकेकडे पाहण्यासाठी राम जिथे उभा राहिला, ती जागा ही, आणि तिथे त्याची पावले उमटली आहेत, अशी श्रद्धा. परिसरातली सर्वांत उंच जागा हीच. उंची अवघी चारेक मीटर. टेकडीवर रामाची पावले आणि खाली पुळणीवर रावणाची मिशी, अशी ही गमतीची वाटणी आहे.

तर वेल आणि गवत यांच्यामुळे वाऱ्याचा वेग जमिनीलगत मंदावतो, त्याच्याबरोबर येणारी वाळू तिथेच पडते आणि ढीग वाढू लागतो. झाडे ढिगातून डोके वर काढतात, आणखी वाळू अडते. अशा टेकडीच्या आडोशाला झुडपे धरतात. झुडपांच्या आडोशाला, खाऱ्या तुषारांपासून जरा सुरक्षित जागी, खिरणीचे एखादे रोप जगते. त्याची पाने गळतात, कुजतात आणि वाळूवर काळसर मातीचा पातळ थर जमतो. या जंगलाची सारी शिदोरी त्या काही इंचांत असते. खाली पुन्हा निव्वळ वाळूच. म्हणूनच सरपणासाठी रान मोकळे केले, पालापाचोळा झाडून नेला किंवा टेकडीला भगदाड पाडले, की वारा तो थर उडवून नेतो आणि जमलेली मांडणी मोडते.

या टेकड्यांच्या पोटात आणखी एक ठेव असते, ती गोड्या पाण्याची. पावसाचे पाणी वाळूत सरळ झिरपते. खाली समुद्राचे खारे पाणी असते, पण गोडे पाणी वजनाला हलके, त्यामुळे ते खाऱ्या पाण्यावर भिंगासारखे तरंगत राहते. शास्त्रीय हिशेब असा, की समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडे पाणी साठलेले असेल तर तिच्या खाली सुमारे चाळीस फुटांपर्यंत गोडे पाणी मिळू शकते. उलटाही हिशेब तितकाच खरा. टेकडी खणून काढली आणि वरचे एक फूट पाणी गेले, तर खालून खारे पाणी चाळीस फूट वर चढते. समुद्राला लागून असलेल्या गावात आडाचे पाणी गोड का लागते, आणि वाळू उपसल्यावर काही वर्षांत तेच मचूळ का होते, याचे उत्तर या हिशेबात आहे. वेदारण्यम् भागातले शेतकरी वाळूतच खड्डे करून या पाण्यावर भाजीपाला आणि मोगऱ्याच्या जातीची सुगंधी फुले पिकवत आले आहेत. मिठागरांच्या शेजारी फुलबागा!

माळी कोण?

१९६७ मध्ये कोडियाकराईचे सुमारे सतरा चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य म्हणून घोषित झाले. ते मुख्यतः इथल्या मोकळ्या गवताळ भागातील काळविटांसाठी. त्याआधी, साठीच्या दशकाच्या आरंभी, डॉ. सालिम अली यांनी पक्ष्यांच्या दृष्टीने या जागेचे महत्त्व ओळखले होते. हिवाळ्यात शेजारच्या खाजणात रोहित पक्ष्यांचे थवेच्या थवे उतरतात. मुंबईच्या सोसायटीने येथे पक्ष्यांच्या पायांत कडी अडकवून त्यांच्या स्थलांतराचा अभ्यास अनेक वर्षे चालवला. २००२ मध्ये ही पाणथळ जागा 'रामसर' करारातील आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या स्थळांच्या यादीत गेली.

पर्यटक येतात ते काळवीट आणि रोहित पाहायला. जंगलाकडे फारसे कुणी वळत नाही. पण जंगल कसे टिकते, याची सर्वांत सुरस माहिती मिळाली ती त्या रानातल्या विष्ठा तपासणाऱ्या संशोधकांकडून! पी. बालसुब्रमण्यन आणि मुंबईचे वनस्पतिशास्त्रज्ञ पी. व्ही. बोले यांनी येथील सस्तन प्राण्यांमार्फत होणाऱ्या बीजप्रसाराचा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध केला. (वृक्षप्रेमींच्या हाती असणाऱ्या, भारतातील सामान्य वृक्षांची ओळख करून देणाऱ्या इंग्रजी पुस्तकाचे सहलेखक ते हेच बोले.) कोल्हा, उदमांजर, माकड असे प्राणी फळे खातात आणि बिया दूरवर टाकतात. कोल्हा म्हणजे कोंबड्या पळवणारा लबाड, ही आपली लहानपणापासूनची ओळख. या वाळूवर तो माळ्याचे काम करतो. शिवाय फळे खाणारे पक्षी आहेत. थंडीत उत्तरेकडून येणारा नवरंग याच झाडीखालच्या पाचोळ्यात किडे शोधत फिरतो.

बियांची ही ने-आण फुकट होते, तिला रोपवाटिका लागत नाही. पण याच व्यवस्थेने एका घुसखोराचेही चांगलेच फावले.

वेडी बाभूळ

मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेकडून एकोणिसाव्या शतकात भारतात आणलेली वेडी बाभूळ महाराष्ट्रातल्या दुष्काळी भागातील लोकांना नव्याने सांगायला नको. रस्त्याकडेला, तळ्याकाठी, पडीक रानात ती आपोआप येते आणि मग जात नाही. तमिळनाडूत ती जळणासाठी आणि पडीक जमीन हिरवी करण्यासाठी पसरवली गेली. कोळसा पाडणाऱ्या गरिबांना तिने रोजगार दिला, हेही नाकारता येणार नाही. कोडियाकराईत मात्र तिने दुहेरी नुकसान केले. तिच्या गोड शेंगा काळवीट खातात, मोकाट गुरे आणि माणसाने कधीकाळी सोडून दिलेली, आता रानटी झालेली घोडी खातात. बिया पोटातून सहीसलामत बाहेर पडतात आणि खताच्या गोळ्यासकट रुजतात. काळविटाला धावायला लागणारे गवताळ मैदान त्यामुळे आकसत गेले. जंगलाच्या कडेला, जिथे खिरणीचे आणि करवंदाचे नवे रोप धरायचे, तिथे आधीच हिची काटेरी जाळी उभी असते.

वनखात्याने टप्प्याटप्प्याने वेडी बाभूळ काढण्याचे काम केले आहे. तमिळनाडू सरकारने २०२२ मध्ये परक्या, आक्रमक वनस्पतींविषयी स्वतंत्र धोरणही जाहीर केले. पण हे काम एकदा करून संपणारे नाही. नुसते तोडले तर बुंधा फुटतो. मुळासकट उपटले तर वाळू मोकळी होते आणि जमिनीत पडून राहिलेल्या बिया पुढच्या पावसात उगवतात. म्हणजे दरवर्षी त्याच जागी परत जावे लागते. यंत्राने सरसकट नांगरट करण्याचा मोह टाळून हाताने, तुकड्यातुकड्याने काम करावे लागते, कारण बाभळीच्या सावलीत अंजनीची चार रोपेही लपलेली असू शकतात. सरकारी कामाच्या वार्षिक हिशेबात ही असली कामे नेहमीच अवघडून बसतात.

सुनामीनंतरची हिरवी भिंत

२६ डिसेंबर २००४ च्या सुनामीत एकट्या नागपट्टिनम् जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसे गेली. त्यानंतर किनाऱ्याला झाडांची भिंत हवी, ही मागणी स्वाभाविकच होती. या भिंतीसाठी सगळ्यांच्या नजरेसमोर आले ते एकच झाड, सुरू. रोपे तयार, वाढ झटपट, चार-सहा वर्षांत लाकूड हाती. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर त्याच्या रांगा लागल्या.

सुरूला सरसकट खलनायक ठरवणे अन्यायाचे होईल. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील आंतोनियो मास्कारेन्यस आणि त्यांच्या सहकाऱ्याने सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्याची पाहणी केली. वाळूच्या टेकड्या आणि दाट झाडी या दोहोंनी लाटेचा जोर कमी केल्याचे त्यांनी नोंदवले, आणि त्या झाडीत सुरूची बनेही होती. पण यातला पहिला शब्द आपण विसरतो. टेकड्या! झाडांची रांग नवीन लावता येते. शेकडो वर्षांत साचलेली टेकडी तशी लावता येत नाही. शिवाय सुरूच्या सुयांचा जाड थर खाली दुसरे काही सहसा उगवू देत नाही. मर्यादवेल जाते, गवत जाते. पुळणीच्या अगदी कडेपर्यंत लावलेल्या रांगांमुळे अंडी घालायला येणाऱ्या समुद्री कासवांची मोकळी वाळूही आक्रसते. २०१० मध्ये भारतीय आणि परदेशी संशोधकांच्या एका गटाने 'जैविक ढाल' या नावाखाली मूळच्या किनारी परिसंस्थांवर परकी झाडे लादण्याच्या या पद्धतीवर कडक टीका केली होती.

कोकणाला याचा अनुभव २०२० च्या ३ जूनला आला. 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आले आणि रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यांवर सुरूच्या बनांची मोठी पडझड झाली.

कोडियाकराईची परीक्षा त्याआधीच झाली होती. १६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे 'गज' चक्रीवादळ वेदारण्यम्‌जवळच किनाऱ्यावर धडकले. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने त्या भागात लाखो नारळ आडवे झाले, आंब्याच्या बागा गेल्या. अभयारण्यही सुटले नाही. मोठमोठी झाडे उन्मळली. हरणे, काळविटे आणि घोडी मृत्युमुखी पडली. मूळचे जंगल वादळात हलतसुद्धा नाही, असा दावा कुणी करू नये. फरक पडतो तो नंतर. या जंगलातल्या बहुतेक झाडांना मोडल्यावर बुंध्यापासून पुन्हा फुटायची सवय असते. उलट नारळाचा शेंडा गेला की झाड गेले. पण पडझडीनंतर रानात जे उजेडाचे खळगे तयार होतात, ते आधी कोण भरणार? बुंध्यातून फुटणारी खिरणी, की शेंगांतून आलेली वेडी बाभूळ? 'गज'नंतरच्या वर्षांत कोडियाकराईचा झगडा आहे तो याच खळग्यांसाठी.

देवाच्या नावाचे रान

खिरणीची वाढ फार संथ. लाकूड लोखंडासारखे जड, ते काही चार वर्षांत तयार होत नाही. म्हणूनच तिच्या रोपांना मागणी नाही, मागणी नाही म्हणून रोपे नाहीत, आणि रोपे नाहीत म्हणून वनीकरणाच्या कागदावर पुन्हा सुरू!

बियाणे तरी कुठून आणायचे? याचे उत्तर तमिळनाडूतल्या देवळांनी जपून ठेवले आहे. आपल्याकडे जशा देवराया, तशी तिकडे 'कोविल काडु'. पाँडिचेरीच्या उत्तरेला पुदुपट्टू येथे किनाऱ्यालगतच्या वाळूवर अय्यनार देवाचे असेच एक रान आहे. अय्यनार म्हणजे गावाच्या वेशीवरचा राखणदार. त्याच्या देवळांपुढे भाजक्या मातीचे घोडे उभे करण्याची प्रथा आहे. देवाच्या रानातले लाकूड तोडू नये, या धाकाने शुष्क सदाहरित जंगलाचे असे तुकडे वाचले. जवळच्याच ऑरोविलच्या वसाहतीत १९६८ नंतर उजाड लाल माळावर झाडे लावली गेली. सुरुवातीला तिथेही झटपट वाढणारी परकी झाडे लावली गेली; मग त्यांच्या सावलीत या देवरानांतून आणलेल्या बियांची मूळची झाडे वाढवण्यात आली. ती जमीन वाळूच्या टेकड्यांची नाही, पण बियाणे कधी गोळा करायचे आणि रोपाला किती दिवस सावली द्यायची, हे ज्ञान तिथे जमा झाले.

वाळूवरचे जंगल पुन्हा उभे करायला किती काळ लागतो, याचा अंदाज दक्षिण आफ्रिकेतून मिळतो. तिथल्या रिचर्ड्स बे येथे वाळूतील खनिजांसाठी खणलेल्या टेकड्यांवर १९७७ पासून मूळचे जंगल परत आणण्याचे प्रयत्न सुरू झाले. टेकड्यांना पुन्हा आकार दिला, वरची माती परत पसरली, आधी बाभळीची स्थानिक जात येऊ दिली. प्रिटोरिया विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यावर वर्षानुवर्षे लक्ष ठेवले. पक्षी आले, झाडे आली; पण काही दशकांनंतरही ते रान शेजारच्या न खणलेल्या जंगलासारखे पुरते झालेले नव्हते. तेही तिथे बियाणे पुरवायला जुने जंगल अगदी शेजारीच असताना.

कायद्याच्या दृष्टीने पाहिले, तर १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेनेच वाळूच्या टेकड्या सपाट करण्याला, त्यांचा आकार बदलण्याला मनाई केली होती. २०११ च्या अधिसूचनेत त्या सर्वाधिक संरक्षित वर्गात आल्या. तरीही गोव्यापासून तमिळनाडूपर्यंत टेकडी सपाट करून तिथे हॉटेल, रस्ता किंवा 'सुशोभीकरण' उभे राहिल्याची उदाहरणे संपत नाहीत. कारण सात-बाऱ्यावर काय, नगरपालिकेच्या नकाशावर काय, वाळूची टेकडी 'पडीक' असते. तिच्यावर मर्यादवेल आहे, केवडा आहे, याची नोंद कुणी करत नाही. आपल्या गावच्या किनाऱ्यावर सुरूच्या रांगेपुढे मर्यादवेलीचा पट्टा शिल्लक आहे का, हे पुढच्या सहलीत मुलांना शोधायला सांगून पाहा. तो सापडला तर तिथे गाडी मात्र नेऊ नका.

कोडियाकराईला जायचे तर तंजावर किंवा नागपट्टिनमहून वेदारण्यम् गाठावे आणि तिथून पुढे जावे. पक्ष्यांसाठी नोव्हेंबर ते जानेवारी हे महिने उत्तम. आडि आणि तै महिन्यांच्या अमावास्यांना समुद्रस्नानासाठी मोठी गर्दी लोटते, तेव्हा रान पाहायला जाण्यात अर्थ नाही. खिरणीची फळे हवी असतील तर ऐन उन्हाळा सोसावा लागेल. त्या दिवसांत 'रामर पादम्'कडे जाणाऱ्या वाटेवर खाली पाहत चालावे. वाळूवर कोल्ह्याची पावले उमटलेली असतात, आणि जवळच पडलेल्या वाळक्या विष्ठेत खिरणीच्या चकचकीत, तपकिरी बिया.